तांबं रिटर्न मारतं

विरार लोकलमध्ये हल्ली कुणाच्याही बॅगेची चेन उघडली, तर डबा, छत्री, चार्जर आणि तांब्याची बाटली एवढा ऐवज हमखास निघतो. मागच्या पिढीने तांबं घासून घासून हात दुखले म्हणून ते मोडीत घातलं, स्टीलच्या डब्यांवर नावं कोरून घेतली आणि सुस्कारा सोडला. तेच तांबं आता झाकणाला रबरी चकती लावून गर्दीत आपल्या बरगडीला टेकलेलं असतं. अख्खा हंडा मोडून जेवढे आले, त्याच्या कैक पटींनी मोजून वीतभर बाटली आणायची. याला व्यवहार म्हणत नाहीत, आरोग्य म्हणतात.

माझं पाण्याशी भांडण नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, हे बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली रीतसर प्रयोग करून दाखवलं. त्या पाण्यात उतरलेलं तांबं मर्यादेच्या पुष्कळ आत असतं, हेही दाखवलं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेतात, जागतिक आरोग्य संघटना दोनपर्यंत. भांडण आहे ते एका सहप्रवाशाशी. गाडी भाईंदरची खाडी ओलांडत होती आणि गृहस्थांनी बाटलीचं झाकण उघडून मला प्रेमाने आग्रह केला, "घ्या हो, संकोच करू नका. लिंबूपाणी आहे. तांब्यातलं!"

आमची आजी त्या डब्यात असती, तर तिने त्यांना नायगावलाच उतरवलं असतं.

आंबट तांब्या-पितळेत ठेवायचं नाही, हा तिच्या घरातला पहिला कायदा. ताक, चिंचेचा कोळ, आमसुलाचं सार, सगळं दगडीत किंवा चिनी मातीच्या बरणीत. कुणी नव्या सुनेने पितळी पातेल्यात ताक ठेवलंच, तर आजी नुसता वास घेऊन सांगायची, "कळकलं." मग ते ताक केळीच्या बुंध्याशी. अपील नाही. का कळकतं, असं विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती, आणि विचारलं असतं तर "कळकतं म्हणून कळकतं" याच्यापलीकडे उत्तर मिळालं नसतं. मात्र ज्याचं कारण माहीत नाही असा नियम ती किती काटेकोरपणे पाळते, हे बघण्यासारखं होतं. कारणं माहीत असलेले नियम आपण किती पाळतो ते सिग्नलला दिसतंच.

या कायद्याला पळवाट एकच होती, कल्हई. वसई गावात अजूनही क्वचित एखादा कल्हईवाला येऊन बसतो. भाता जाऊन त्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आलाय, बाकी विधी तोच. पातेलं आधी वाळूने खसखसून घासायचं. मग निखाऱ्यांवर पालथं-उताणं करत इतकं तापवायचं, की पक्कडीशिवाय त्याच्या जवळ जाता येत नाही. चिमूटभर नवसागर आत टाकला की पांढरा धूर उसळतो आणि बघ्यांची पहिली रांग खोकत मागे सरते. त्या नवसागराने पितळेवरची ऑक्साइडची पुटं उडतात आणि खालचा धातू उघडा पडतो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं. टेकवल्याबरोबर चमकता थेंब होऊन पसरू लागतं, आणि कापसाचा बोळा गरकन फिरला की पिवळ्या धातूवर चांदीचा उजेड चढतो. शेवटी बादलीत बुडवून चर्रर्र. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा, पण हात जरा उशिरा फिरला तर कथलाच्या गाठी राहतात.

मी एकदा तिथे पातेलं घेऊन गेलो तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, "दुधाचं आहे का?"

"हो."

"मग दोनदा फिरवतो."

हे माझ्या डोक्यात राहून गेलं. दूध आंबट नाही, त्यात चिंच नाही, आमसूल नाही. मग त्याला दुहेरी बंदोबस्त कशाला? तो म्हणाला, वडील दोनदा फिरवायचे. म्हणजे इथेही आजीचंच खातं.

या प्रश्नाचं खरं उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात सापडलं होतं, आणि ते तसं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलांचं पोट वाढायचं, यकृत दगडासारखं कडक व्हायचं, मूल किरकिरं व्हायचं आणि बहुतेक वेळा हाती लागायचं नाही. पुढचं भावंडही त्याच वाटेने जायचं. पाठ्यपुस्तकांत या रोगाला भारताचंच नाव होतं: इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस. कुणी आनुवंशिकतेला दोष दिला, कुणी धान्यावरच्या बुरशीच्या विषाला. १९७०च्या दशकाच्या शेवटी अशा मुलांच्या यकृतात तांबं मोजलं गेलं. एरवी यकृताच्या कोरड्या वजनात ग्रॅमला पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असणारं तांबं इथे शेकड्यांत आणि हजारांत होतं. ते आलं कुठून? पुण्यातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना रोगाविषयी विचारलं, तसं स्वयंपाकघराविषयीही विचारलं. बाळाला वरचं दूध केव्हापासून दिलं? ते कशात तापवलं? कशात ठेवलं? १९८३ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये संशय मांडला तो पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांवर. कल्हई उडालेल्या पितळेत गाईम्हशीचं दूध तापवून ठेवलं, की दुधातलं केसीन भांड्याचं तांबं ओढून घेतं आणि स्वतःला बांधून ठेवतं. पाण्यात जेमतेम उतरणारं तांबं दुधात भरपूर उतरतं. त्यात तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा असतो, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची सोय अजून पुरती लागलेली नसते.

नावात भारत असला तरी मक्तेदारी आपली नव्हती. ऑस्ट्रियातल्या टायरोलच्या डोंगरात १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ह्या मुलांना अगदी असाच आजार झाल्याच्या नोंदी १९९६ साली प्रसिद्ध झाल्या. तिथेही कल्हईविना तांब्याची भांडी, तिथेही गाईचं दूध. भांडी बदलली आणि रोग गेला. आपल्याकडेही स्टील आलं आणि हा आजार पाहता पाहता दुर्मिळ झाला. स्टीलच्या पातेल्याचं कौतुक करणारा ललित निबंध मराठीत कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. पितळेवर मात्र आपण भरभरून लिहितो.

आता औषधाकडे, म्हणजेच गंधकाकडे येतो. या मुलांपैकी काहींना वाचवणारं औषध निघालं ते गंधकवालं अमिनो आम्ल: पेनिसिलामाइन. नावावरून कळतं तसं ते पेनिसिलिनचं पिल्लू. जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरला पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत ते सापडलं होतं. पुढे बॉस्टनमध्ये असताना त्याच्यासमोर विल्सनच्या आजाराचा रुग्ण आला. हा आनुवंशिक आजार, यातही तांबं शरीरात साठत जातं. वॉल्शला लघवीतला तो जुना रेणू आठवला. गंधक आणि अमिनो गट असे दोन हात असलेला हा गडी तांब्याला धरून बाहेर काढेल, असं त्याने ताडलं. पहिला डोस त्याने स्वतः घेतला, काही झालं नाही, मग रुग्णाला दिला. १९५६ साली हे उपचार छापून आले. वॉल्श पुढे शंभरी ओलांडून जगला, त्यामुळे स्वतःवर प्रयोग करू नये असं निदान त्याच्या उदाहरणावरून तरी सांगता येत नाही. पुण्यात १९८०च्या दशकात हेच औषध यकृत कडक झालेल्या बाळांना दिलं गेलं. लवकर निदान झालेली काही मुलं पाच वर्षं आणि त्याहून पुढेही जगली-वाढली, हा अहवाल डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. ज्या रोगात 'पुढे काय' हा प्रश्नच उरत नव्हता, त्यात ही मुलं शाळेच्या वयाला पोचली.

पण तांबं मुळात नुकसान करतं ते कसं? हे समजायला नालासोपाऱ्याला राहिलेलं बरं. सकाळी नालासोपाऱ्याहून चर्चगेटला बसून जायचं, तर शहाणा माणूस आधी विरारकडे जाणारी गाडी पकडतो. विरारला सगळे उतरतात, हा उतरत नाही. तीच गाडी चर्चगेटला निघते आणि हा खिडकीशी वारा खात परततो. याला रिटर्न मारणं म्हणतात. रेल्वेला ते मान्य नाही, आणि विरारकरांना तर मुळीच नाही. यावरून फलाटावर जे शब्द वापरले जातात ते या मासिकात छापता येणार नाहीत. तर, तांबं शरीरात रिटर्न मारतं. त्याच्या अंगावर दोन धन भार असतात. एक इलेक्ट्रॉन मिळाला की एकच भार उरतो. रसायनवाले याला क्षपण म्हणतात. तो इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या गळ्यात मारला, की तांबं पुन्हा दोनभारी, पुन्हा मोकळं, पुन्हा पुढच्या फेरीला तयार. फेऱ्यांना अंत नाही, कारण तांबं स्वतः खर्चच होत नाही. आणि दरवेळी तो इलेक्ट्रॉन हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाट्याला आला, तर त्याचे तुकडे होऊन हायड्रॉक्सिल नावाचं मुक्त मूलक सुटतं. क्रीमच्या जाहिरातीत ज्यांना 'फ्री रॅडिकल' म्हणून घाबरवतात, त्यांतलं हे सगळ्यांत माथेफिरू. समोर चरबी असो, प्रथिन असो, डीएनए असो, जे पहिलं दिसेल त्याला ते चावतं. यकृतात कैक पटींनी तांबं साठलं, म्हणजे हजारो रिटर्नवाले एकाच डब्यात.

या धंद्याला आवर घालतं ते गंधक. आपल्या प्रथिनांतल्या वीस अमिनो आम्लांपैकी गंधक फक्त दोघांकडे, सिस्टीन आणि मिथिओनिन. उकडलेल्या अंड्याचा वास, केस जळल्याचा वास, सगळा यांचाच. सिस्टीनच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजनची जोडी असते. तिचं वागणं मोठं मजेशीर आहे. तांबं दिसलं, की हे गंधक आधी त्याला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. म्हणजे तांब्याचं क्षपण करणारं तेच, आणि क्षपण झालेल्या तांब्याला घट्ट धरून ठेवणारंही तेच. एकभारी तांब्याला गंधकाचा सहवास इतका आवडतो, की चारी बाजूंनी गंधक मिळालं तर ते परतीच्या गाडीकडे बघतही नाही. पेशीला हे पक्कं ठाऊक आहे. तांबं आत घेणाऱ्या दारावर मिथिओनिनची रांग आहे, आणि त्या दारातून एकभारी तांब्यालाच प्रवेश. आत पोचलेल्या जादा तांब्याला कोठडीत ठेवायला मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन आहे. त्याच्या साखळीत एकसष्ट-बासष्ट अमिनो आम्लं, त्यांतली वीस सिस्टीन. हे प्रमाण प्रथिनांच्या जगात बेताल आहे, पण हेतू स्पष्ट आहे.

अडचण एवढीच, की इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं सिस्टीन स्वतःच मूलक होतं. मग ते तशाच दुसऱ्या सिस्टीनला गाठून जोडी जमवतं, आणि जोडी जमल्यावर दोघांचंही तांब्याकडे लक्ष राहत नाही. पेनिसिलामाइन इथेच सिस्टीनच्या पुढे जातं. रचना तीच, फक्त गंधकाच्या शेजारच्या कार्बनवर दोन मिथिल गट जास्तीचे. त्या दोघांच्या अडचणीमुळे गंधक-गंधक जोडी चटकन जमत नाही, आणि औषध तांब्यासाठी मोकळं राहतं. प्रयोगशाळेत तांब्याचे क्षार आणि पेनिसिलामाइन एकत्र केलं, की गडद जांभळा रंग येतो. १९७०च्या दशकात त्या जांभळ्याची रचना उलगडली तेव्हा आत चौदा तांबी निघाली. आठ एकभारी, सहा दोनभारी, भोवती बारा पेनिसिलामाइन आणि ऐन मध्यात क्लोराइडचा एक आयन. म्हणजे निम्म्याहून अधिकांचं क्षपण झालेलं, बाकीच्यांचं नाही, आणि तरी सगळी एकत्र नांदतायत. हा क्लोराइड तिथे मध्ये काय करतो, असं मला फार वाटायचं. बहुधा सगळ्यांना सांभाळून धरतो. प्रत्येक मोठ्या कुटुंबात असा एक असतो आणि त्याला कुणी विचारत नाही.

ही देवाणघेवाण प्रत्यक्ष बघायची तर लोकल बदलत मानखुर्दपर्यंत जावं लागेल, आणि तिथून पुढे आपल्याला कुणी आत सोडणार नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सात दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक त्वरक आहे. तो पाण्याच्या छोट्याशा कुपीत इलेक्ट्रॉनचा क्षणिक झोत सोडतो. पाणी फुटतं, मूलकं तयार होतात, आणि काही इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूंच्या घोळक्यात मोकळे तरंगतात. अशा तरंगत्या इलेक्ट्रॉनचा ठसा पहिल्यांदा टिपला तो हार्ट आणि बोग यांनी, १९६२ साली, लंडनजवळच्या एका रुग्णालयात. त्या कुपीत तांबं आणि गंधकवालं अमिनो आम्ल आधीच विरघळवून ठेवलं असेल, तर हा इलेक्ट्रॉन तांब्यावर झडप घालतो आणि सगळा मामला मायक्रोसेकंदांत आटपतो. कुपीतून जाणाऱ्या प्रकाशाचा कुठला रंग किती शोषला गेला, यावरून कोण कुणाला काय देऊन गेलं ते कळतं. दोन गंधकं अर्धवट जुळली की चारशेवीस नॅनोमीटरच्या आसपास खूण उमटते. सेकंदाच्या दहालाखाव्या हिश्श्यात घडलेल्या चारसोबिशीचा पुरावा असा हातात धरणाऱ्यांविषयी मला आदर आहे. आमच्या सोसायटीच्या हिशेबातली वर्षं उलटली तरी सापडत नाही.

वसईत तांबं आणि गंधक यांची गाठ जुनीच आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पाच्या सुरुंगांतल्या दारूत गंधक होतं आणि किल्ल्यातल्या चर्चच्या घंटांत तांबं. गंधक जिंकलं. घंटा नाशिकच्या नारोशंकरापासून भीमाशंकरापर्यंत जाऊन टांगल्या गेल्या. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उघडला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला. त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, मग सोन्याचा. करंडकांतलं सगळ्यांत बाहेरचं काम तांब्याकडे.

आणि गंमत बघा, त्याच १८८२ साली तिकडे फ्रान्समध्ये मिलार्दे नावाचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक द्राक्षबागेतून फिरत होता. सगळ्या बागा बुरशीने करपलेल्या, पण रस्त्याकडेच्या वेली टवटवीत. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून मालकाने मोरचूद आणि चुना कालवून ती पानं विषारी दिसतील अशी रंगवून ठेवली होती. चोरांसाठी लावलेल्या रंगाने बुरशी मेली. तीन वर्षांनी त्यातून बोर्डो मिश्रण निघालं. ते बुरशीला मारतं कसं? तांबं तिच्या बीजाणूत शिरून प्रथिनांच्या गंधकांना पकडतं आणि कामं बंद पाडतं. बाळाच्या औषधात जी पकड उपयोगी पडते, तीच इथे बुरशीच्या जिवावर उठते.

आगाशी-बोळिंजकडच्या पानवेलींवर हे बोर्डो आजही मारतात. एका वाडीत ते कालवताना मी उभा होतो. प्लॅस्टिकच्या पिंपात पन्नास लिटर पाणी आणि किलोभर मोरचूद, निळंशार. दुसऱ्या पिंपात किलोभर चुना आणि तेवढंच पाणी. मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओतायचं आणि काठीने ढवळत राहायचं. मोरचूद धातूच्या भांड्यात कालवायचा नाही, हे वाडीवाल्याने मी न विचारताच सांगितलं. मग कमरेचा विळा काढून पातं मिश्रणात बुडवलं, थोडं थांबला, बाहेर काढून उन्हात धरलं. लोखंडावर तांबूस झाक आली होती. लोखंडाने इलेक्ट्रॉन दिले होते आणि तांबं चक्क धातू होऊन पात्यावर बसलं होतं. क्षपणाचा हा प्रयोग मी अख्ख्या रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत इतका स्वच्छ पाहिला नव्हता. "चुना कमी झाला," एवढंच तो म्हणाला आणि आणखी एक ओंजळ टाकली. विळा पुसून पुन्हा बुडवला. या खेपेला पातं होतं तसंच बाहेर आलं.

मी त्याला फ्रान्समधल्या द्राक्षचोरांची गोष्ट सांगितली. तो मनापासून हसला. "आमची पानं कोण चोरणार? इथे चोरायची तर अख्खी वाडीच चोरतात," म्हणाला, आणि पंप पाठीला लावून वेलींच्या पुढच्या ओळीत शिरला.